पहिल्या दाबाला खोल, दुसऱ्याला कडक: मायनरच्या ब्रेकची एअर पुन्हा काढण्याआधी

वाचकाचं पत्र:

सासऱ्यांची १९६० ची मॉरिस मायनर १००० आमच्याकडे आहे. वसंत विहारजवळच्या सोसायटीत स्टिल्टखाली उभी असते. रविवारी सकाळी एक चक्कर, एवढंच तिचं चालणं. गेले काही महिने ब्रेक पेडल पहिल्या दाबाला जवळजवळ फ्लोअरला टेकतं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं आणि चांगलं कडक लागतं. व्हिडिओ बघून मी आणि बाबांनी दोनदा एअर काढली. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. दर पंधरा-वीस दिवसांनी थोडं ब्रेक ऑइलही टाकावं लागतं. बाबा म्हणतात, आधी ड्रम उघडून लायनर बघ, मग निपलला (एअर काढायच्या स्क्रूला) हात लाव. आणि एअर काढताना पेडल जोरात पंप करायचं. व्हिडिओत मात्र सगळे सावकाश दाबतात. मेकॅनिक म्हणतो, मास्टर सिलिंडर बदला. दुकानदाराने डॉट ४ ब्रेक ऑइल दिलं. एकाने सांगितलं, जुन्या गाडीला सिलिकॉनचं डॉट ५ घाला. पाडव्याच्या स्वागतयात्रेत गाडी न्यायची बाबांची फार इच्छा आहे. हे काम घरी होईल का? आणि सेक्रेटरी पार्किंगमध्ये काम करू देत नाहीत, त्याचं काय करायचं?
— एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर:

नमस्कार.

काम घरी होईल, आणि तुम्ही दोघं ते नीट कराल. पण इतक्यात तिसऱ्यांदा एअर काढायला बसू नका. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि नुसती एअर काढून त्यातली एकही जाणार नाही. बाबांचं पहिलं म्हणणं अगदी बरोबर आहे: आधी ड्रम उघडायचे.

पहिली तक्रार पेडलची. लाइनमध्ये हवा असली की पेडल दबदबीत लागतं. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे कितीही पंप केलं तरी पायाखालचा तो लवचीकपणा पुरता जात नाही. तुमचं पेडल खोल जातं खरं, पण दुसऱ्या दाबाला 'चांगलं कडक' लागतं असं तुम्हीच लिहिलंय. ही खूण बहुतेक वेळा शू (लायनर लावलेल्या, ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) आणि ड्रममधलं अंतर वाढल्याची असते. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलला जोडलेला पंप, एका दाबात ठरावीकच ऑइल पुढे ढकलतो. लायनर झिजलेले आणि अॅडजस्टर (शू ड्रमजवळ आणणारे स्क्रू) कुणी फिरवलेले नसले, तर ते सगळं ऑइल शूंना ड्रमपर्यंत नेण्यातच संपतं. पाय उचलून लगेच पुन्हा दाबला की शू अजून पूर्ण मागे गेलेले नसतात, म्हणून दुसऱ्या दाबाला ब्रेक लागतो. हल्लीच्या गाड्यांत हे अंतर आपोआप भरून निघतं. मायनरमध्ये ती सोय नाही. ठरावीक अंतर चालली की शू हाताने अॅडजस्ट करायचे, हा तिच्या देखभालीचा भागच होता, आणि आजच्या बहुतेक मेकॅनिकना ते करायची वेळच कधी आलेली नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे आणि तुम्ही ती एका ओळीत सांगून पुढे गेलात. ब्रेक ऑइल जळत नाही, उडून जात नाही. लायनर झिजतात तशी पातळी किंचित उतरते, पण त्याला पुष्कळ किलोमीटर लागतात. आठवड्याला एक चक्कर मारणाऱ्या गाडीत पंधरा-वीस दिवसांनी ऑइल टाकावं लागतंय, म्हणजे ते कुठून तरी बाहेर येतंय. आणि जिथून दाबाखाली ऑइल बाहेर येतं तिथूनच पेडल सुटताना थोडी हवा आत शिरू शकते. एअर काढल्यावर दोन दिवस बरं वाटून पुन्हा बिघडतं ते यामुळे.

आता एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. तुमच्या मायनरला ब्रेकची एकच लाइन आहे. एक मास्टर सिलिंडर, त्यातून निघणारा एकच मार्ग आणि तोच पुढे चारही चाकांना वाटला जातो. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र लाइन असतात. एक गेली तरी दुसरी थोडंफार थांबवते. तुमच्या गाडीत एखाद्या चाकाच्या सिलिंडरमधला, ऑइल अडवणारा रबरी कप पुरता फाटला तर चारही चाकांचे ब्रेक एका दाबात जातील. उरेल तो मागच्या दोन चाकांवरचा हँडब्रेक. स्वागतयात्रेत गाडी माणसाच्या चालीने जाते, पुढे लेझीमवाली मुलं, बाजूला फोटो काढणारे, मागे ढोलताशाचं पथक. तिथे पाय खाली गेला तर दुसरा दाब मारायला जागाच नसते. तेव्हा गळती सापडेपर्यंत गाडी सोसायटीच्या गेटबाहेर काढू नका. रविवारची चक्करसुद्धा नको.

ड्रम उघडताना आधी गाडी सपाट जागेवर घ्या, रॅम्पवर नाही. जे टोक उचलायचं नाही त्या टोकाच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी लावा. जॅक फक्त उचलण्यासाठी. उचलल्यावर वजन लोखंडी स्टँडवर आलं पाहिजे. विटा रचून त्यावर गाडी कधीच ठेवू नका, वीट फुटताना आधी सांगत नाही. मागचे ड्रम निघण्यासाठी हँडब्रेक सोडलेला लागतो, म्हणून पाचरींवर कंजुषी नको. ड्रममधली काळी भुकटी फुंकून किंवा एअर मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

आता गळती. पुढच्या प्रत्येक चाकात ऑइलच्या दाबाने शू ढकलणारे दोन व्हील सिलिंडर असतात, एकेका शूला एकेक. मागच्या चाकात एकच. (पुढचे दोन्ही शू गाडी पुढे जाताना ड्रमबरोबर ओढले जातात, म्हणून पुढे जाताना ब्रेक छान लागतात आणि रॅम्पवर रिव्हर्स घेताना कमजोर वाटतात. तो बिघाड नाही.) प्रत्येक सिलिंडरच्या तोंडावर रबरी टोपी असते. तिची कड नखाने हलकेच वर करा. आत कोरडं असेल तर ठीक. ओल दिसली, बोटाला चिकट लागलं, तर तो कप गेला. पुष्कळदा गळती इथेच लपलेली असते, कारण टोपी ऑइल धरून ठेवते आणि जमिनीवर थेंब पडायला वेळ लागतो. ऑइल लायनरवर उतरलं असेल तर लायनर धुऊन भागत नाही. ते बदलायचे, आणि एका बाजूचे बदलले की त्याच अॅक्सलच्या दुसऱ्या बाजूचेही बदलायचे, नाहीतर गाडी एका अंगाला ओढेल.

मागचा सिलिंडर बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या न फिरणाऱ्या थाळीच्या) खाचेत मागे-पुढे सरकायला हवा, तेव्हाच दोन्ही शू सारखे दाबले जातात. उभ्या गाडीत, त्यात आपल्याकडच्या पावसाळी हवेत, तो गंजून अडकतो. हाताने सरकवून बघा. रबरी होज वाकवून त्यावर बारीक भेगा आहेत का पाहा. आणि वरून ठीक दिसले तरी किती जुने आहेत ते बाबांना विचारा. होज आतून सुजला की ऑइल जातं पण परत येत नाही आणि ते चाक धरून राहतं. मायनरचा ब्रेक लाइटचा स्विचही ऑइलच्या दाबावर चालतो, म्हणजे तोही लाइनला जोडलेला आहे आणि तोही गळू शकतो. त्याच्या वायरीच्या टोकांशी ओल आहे का बघायला विसरू नका.

राहिला मास्टर सिलिंडर. तो ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीच्या लांब बीममध्ये बसवलेला असतो. मेकॅनिक चुकीचं सांगतोय असं मी म्हणणार नाही, पण कशावरून सांगतोय ते विचारा. याची तपासणी सोपी आहे. शू अॅडजस्ट झाल्यावर, इंजिन बंद ठेवून पेडल नेटाने दाबा आणि मिनिटभर तसंच धरून ठेवा. पेडल हळूहळू खाली सरकत गेलं, आणि चाकांशी, पाइपांशी, स्विचशी कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतला रबर दाब धरत नाहीये. मग मेकॅनिकचं खरं. जागच्या जागी टिकलं तर मास्टर सिलिंडरवर पैसे घालवायचं कारण नाही. बदलावाच लागला तर ते काम मात्र जाणत्या गॅरेजवर सोपवा. पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारा, पिळून ताणलेला दांडा) नेमका त्याच्या बोल्टांच्या वाटेत येतो, आणि ताणलेल्या टॉर्शन बारशी खेळायचं काम पार्किंगमधलं नव्हे.

रबराच्या बाबतीत एक सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे ही सवय सर्रास आहे. सिलिंडर उघडला की पेट्रोल, डिझेल नाहीतर रॉकेलने धुतात. ब्रेकचा रबर त्याने फुगतो आणि काही दिवसांत अडकतो किंवा गळतो. ताजं ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट, याखेरीज काही लावू नका. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे पडले असतील तर नवा कपही टिकणार नाही. तेव्हा सिलिंडरच बदलावा. सुट्या भागांसाठी ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याला जाल तेव्हा जुना भाग सोबत न्या आणि बोअर (आतला व्यास) मोजून घ्या. 'अँबॅसेडरचा बसतो' हे वाक्य ऐकायला मिळेलच. अँबॅसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, मायनरवरून नाही. मापं जुळली तरच घ्या.

गळती मिटली की अॅडजस्टमेंट. पुढच्या चाकाला दोन अॅडजस्टर, मागच्याला एक. ड्रमला भोक असतं. ड्रम फिरवत ते अॅडजस्टरच्या स्क्रूसमोर आणायचं आणि लांब स्क्रूड्रायव्हरने थोडं थोडं आवळत न्यायचं. चाक पूर्ण अडकेपर्यंत आवळा, मग ते मोकळं फिरेल इतपतच सैल करा. पुढे दोन्ही अॅडजस्टरना हे वेगवेगळं करायचं. मधेच एकदा पेडल दाबून सोडा म्हणजे शू मध्यावर बसतात, आणि पुन्हा तपासा. मागच्या चाकांचं करताना हँडब्रेक पूर्ण खाली हवा. लायनरची बारीक घासणारी कुजबुज ऐकू आली तर चालेल, चाक जड लागलं तर नाही. पेडलला वर किंचित मोकळी चाल आहे ना, तेही बघा. ती नसेल तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ब्रेक धरून राहतात. तुमच्या पेडलचा बराचसा खोलपणा इथेच गेलेला दिसेल.

त्यानंतर एअर. बाबांचं दुसरं म्हणणं इथे मला पटत नाही. जोरात पंप केलं की हवेचे मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात आणि ऑइलमध्येच अडकून राहतात. सावकाश दाब, सावकाश परत. शिवाय जुन्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन रोज जेवढा जातो तेवढाच भाग घासून गुळगुळीत झालेला असतो. त्याच्या पलीकडे गंज आणि गाळ. पेडल फ्लोअरपर्यंत रेटलं की रबराची कड त्या खरबरीत भागावरून घासते, आणि एअर काढायला बसलेल्या माणसाला संध्याकाळी खरंच नवा मास्टर सिलिंडर लागतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे बाबांचा पाय तिथवरच जाईल.

क्रम लांबच्या चाकापासून जवळच्या चाकाकडे. तुमच्या गाडीत मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एक उपाय जरूर करा: एअर काढण्यापुरते सगळे अॅडजस्टर पूर्ण आवळून ठेवा. पिस्टन हलायला जागा उरत नाही, सिलिंडरमध्ये हवा साचायला पोकळी राहत नाही, काम लवकर होतं. झालं की पुन्हा सैल करायला विसरू नका.

निपलला इंचाचा रिंग पाना लावा. ७/१६ इंच म्हणजे ११.१ मिलिमीटर, ११ चा पाना बसल्यासारखा वाटतो किंवा अगदी थोडक्यात अडतो, आणि १२ चा हमखास कोपरे खातो. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी आधी केसभर आवळण्याच्या दिशेने जोर द्या, मग सोडा. तुटलं तर सिलिंडर गेला समजा, म्हणून दांड्याला पाइप लावून लांब करू नका.

पारदर्शक नळी निपलवर बसवा, ती आधी वर वळवून मग बाटलीत सोडा, आणि तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं ठेवा. तुम्ही खाली, बाबा वर. "बाबा, दाबा." ते सावकाश दाबून "धरलं" म्हणतील. तुम्ही निपल अर्धा फेरा उघडायचं. पेडल ठोकळ्याला टेकलं की ते "टेकलं" म्हणतील. तुम्ही निपल बंद करायचं, आणि ते बंद झाल्यावरच "सोडा" म्हणायचं. हा एक शब्द घाईत आधी निघाला तर नळीतून किंवा आट्यांतून हवा परत आत जाते आणि तासाभराची मेहनत वाया. घरातल्या तिसऱ्या माणसाला मास्टर सिलिंडरच्या टोपणापाशी बसवा, कारण ते फ्लोअरच्या कार्पेटखाली आहे आणि आत किती ऑइल उरलंय ते बाबांना सीटवरून दिसत नाही. पातळी तळाला गेली की सगळं पहिल्यापासून. टोपण उघडण्याआधी भोवतालची माती नीट पुसा. साठ वर्षांच्या चपलांची धूळ तिथेच साचलेली असते आणि ती आत पडली तर सगळ्यांत आधी नवे कप खाते. निघालेलं ऑइल कितीही स्वच्छ दिसलं तरी परत टाकू नका.

ऑइल डॉट ४ च ठेवा. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, डॉट ३ चा २०५. दोन्ही हवेतलं पाणी शोषतात, ३.७ टक्के पाणी मुरलं की हेच आकडे १५५ आणि १४० वर येतात. येऊरहून उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला तर पाणी मुरलेल्या ऑइलची वाफ होऊ शकते, आणि वाफ म्हणजे पुन्हा दबणारं पेडल. आपल्या खाडीकाठच्या हवेत उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, छोटी सीलबंद घ्या. दर दोन वर्षांनी, पावसाळा सरल्यावर, पूर्ण ऑइल बदला. सिलिकॉनचं डॉट ५ रंग खात नाही आणि पाणी शोषत नाही म्हणून जुन्या गाड्यांचे शौकीन ते सुचवतात. पण ते तुमच्या लाइनमधल्या ऑइलमध्ये मिसळत नाही, बारीक बुडबुडे धरून ठेवतं, आणि शिरलेलं पाणी सखल जागी साठून तिथे गंज धरतो. सगळे रबर, होज नवे घालून लाइन कोरडी केली असेल तरच त्याचा विचार. डॉट ५.१ हे मात्र सिलिकॉनचं नाही. नावावरून गफलत होते.

डॉट ४ रंग खातं. पाण्याची बादली आणि ओलं फडकं जवळ असू द्या. बॉनेटवर, मडगार्डवर थेंब उडाला तर घासू नका, लगेच पाणी ओता.

सगळं जोडून झाल्यावर पेडल धरून ठेवण्याची तपासणी पुन्हा करा. मग इंजिन सुरू करून पार्किंगमध्येच चालण्याच्या वेगाने चार-पाच वेळा थांबवा, हँडब्रेक वेगळा तपासा. पेडल पहिल्याच दाबाला वर आणि कडक हवं. त्यानंतर दोन आठवडे गाडी जागेवर राहू द्या, चाकांच्या आतल्या बाजूला आणि ड्रायव्हरखाली पुठ्ठे पसरून ठेवा आणि पातळी बघत राहा. पुठ्ठे कोरडे आणि पातळी जिथल्या तिथे, तर आधी सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर थोडं चालवा, घोडबंदर रोडवर नाही, आणि मग पाडव्याला जा. पातळी केसभरही उतरली, तर यंदा बाबांना चालत न्या आणि गाडी पुढच्या वर्षी. त्यांना वाईट वाटेल, पण कारण सांगितलं तर ड्रम आधी उघडायला सांगणारा माणूस ते नक्की समजून घेईल.

सेक्रेटरींचा आक्षेप बहुधा डाग आणि आगीच्या भीतीचा असेल. लेखी अर्ज द्या, एका रविवारची वेळ मागा, खाली ताडपत्री आणि पुठ्ठे अंथरू, पेट्रोलला हात लावणार नाही, असं लिहून द्या. जुनं ऑइल गटारात ओतू नका. बंद बाटलीत भरून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या, आणि बाटलीवर 'ब्रेक ऑइल' असं लिहा, म्हणजे तिथे कुणी ते दुसऱ्या कुणाच्या गाडीत घालणार नाही.